डाग उशिरा बोलतो

पावसाळ्यात सावित्रीच्या खोऱ्यात, महाडपासून पोलादपूरपर्यंत आणि तिथून घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत, घरामागच्या परसात एखादा तरी मांडव असतोच. भाताची लावणी उरकली की घराचे लक्ष या मांडवाकडे वळते. शिराळी, पडवळ, कारली, काकडी, दुधी, घोसाळी यांच्या वेली त्यावर चढलेल्या असतात. ऋषिपंचमीच्या भाजीपासून बाजारच्या दिवशी विकायच्या वाट्यांपर्यंत बरेच काही त्यांच्यावर अवलंबून असते. नेमके त्याच सुमारास पानांवर फिकट पिवळे, शिरांमध्ये कोंडलेले कोनेदार ठिपके उमटू लागतात. आठवड्या-पंधरवड्यात पान तपकिरी होते, कडा वळतात आणि भर बहरातली वेल सुकून जाते. यावर दोन निदाने ऐकू येतात. जुने निदान म्हणते, पावसाने वेल जळली. नवे म्हणते, औषध मारायला हवे होते. पहिल्यात सगळा दोष आभाळाचा, दुसऱ्यात सगळा भरवसा पंपाचा. दोन्हींत अर्धे सत्य आहे, आणि दोन्हींत चूक एकच आहे. दोघेही विचाराला डागापासून सुरुवात करतात. पानावरचा डाग ही रोगाची सुरुवात नव्हे, तो रोगाचा निकाल आहे. खरा व्यवहार त्याआधी काही दिवस, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींमध्ये उरकलेला असतो. तो व्यवहार नीट समजला तर पीकसंरक्षणाची आपली आजची रीत उलट्या टोकाने चालली आहे हे मान्य करावे लागेल, असे माझे म्हणणे आहे.

आधी पानाची बांधणी पाहू. पानावर मेणचट पदार्थाचा पातळ लेप असतो. त्याखाली अपित्वचेच्या पेशींचा एक थर, आत हरितलवकांनी भरलेल्या पेशी, त्यांच्यामध्ये हवा खेळायला मोकळ्या जागा, आणि मुख्यतः खालच्या अंगाला पर्णरंध्रे, म्हणजे झाडाच्या श्वासाची दारे. पेशी इतक्या लहान की एका मिलिमीटरच्या अंतरात अशा वीस-तीस पेशी ओळीने मावतील. प्रत्येक पेशीला दोन आवरणे असतात. बाहेरची भित्तिका सेल्युलोजची, टणक आणि आकार राखणारी. आतले पटल अत्यंत पातळ, पण जिवंत. काय आत घ्यायचे आणि काय बाहेर सोडायचे हे तेच ठरवते. पानावरच्या रोगाची जवळजवळ सगळी कथा या भित्तिकेच्या आणि पटलाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घडते.

काकडीवर्गीय वेलींवर असे कोनेदार ठिपके पाडणारा जो केवडा येतो, त्याच्या कारक जीवाचे शास्त्रीय नाव स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस. त्याच्या सूक्ष्म बीजाणुपिशव्या वाऱ्यावर येतात आणि ओल्या पानावर पडल्या की फुटून त्यांतून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात. पानावरच्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात पोहत ते पर्णरंध्रापर्यंत पोहोचतात, तिथे स्थिरावतात, शेपट्या टाकून देतात आणि एक बारीक नळी त्या उघड्या दारातून आत घालतात. तापमान पोषक असेल तर एवढ्यासाठी काही तासांचा ओलावा पुरतो. इथे कोणतीही भिंत फोडावी लागत नाही. काकडी आणि मिरचीवर करपा आणणारी कोलेटोट्रिकम ही बुरशी मात्र दाराची वाट पाहत नाही. ती पानावर काळसर घुमटासारखा एक अवयव तयार करते, त्याच्या भित्तिकेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरते आणि आत दाब वाढवत नेते. भातावरच्या करप्याच्या बुरशीत हा दाब मोजला गेला आहे. तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ऐंशी पटींपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ चाळीसपट जातो. त्या दाबाखाली एक अणकुचीदार तंतू मेणाचा लेप आणि पेशीभित्तिका भेदून आत घुसतो. दोन्ही वाटा वेगळ्या, पण दोन्हींना हवा असतो पानावर टिकून राहिलेला ओलावा.

आत गेल्यावर जे घडते ते अधिक विलक्षण आहे. केवड्याचा जीव पेशींच्या मधल्या जागांतून तंतू पसरतो आणि एकेका पेशीची भित्तिका भेदून आत एक फुगीर शोषकांग घालतो. पण तो पेशीचे पटल फाडत नाही. बोटाने ओढणी आत ढकलावी तसे ते पटल शोषकांगाभोवती आत दबते आणि अखंड राहते. पेशी जिवंत असते, हरितलवके साखर बनवत असतात, मात्र त्यातला वाटा आता बाहेरचा कोणी नेत असतो. हे टिकून राहावे म्हणून रोगकारक जीव पेशीत काही प्रथिने सोडतो, आणि ती पेशीची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा निकामी करतात. ही वसाहत उभी राहत असताना पान वरून हिरवेगार दिसते. अनुकूल हवेत किमान तीन-चार दिवस, एरवी त्याहून अधिक, डोळ्याला काहीही कळत नाही. आपण ज्याला रोग येणे म्हणतो ते खरे तर त्या काळाचा शेवट असतो. तोवर पानाच्या खालच्या बाजूने करड्या-जांभळट लवीतून बीजाणूंची पुढची पिढी बाहेर पडायच्या तयारीला लागलेली असते.

सगळे रोग पेशीला असे जिवंत ठेवत नाहीत. टोमॅटोवर लवकर येणारा करपा आणणारी अल्टरनेरिया पेशी आधी मारते आणि मग खाते. तिची विषद्रव्ये तंतूंच्या पुढे जाऊन पेशींची पटले निकामी करतात. डागातली एकात एक वर्तुळे म्हणजे या थांबत-थांबत झालेल्या चढाईच्या खुणा. सर्कोस्पोरा गटातल्या अनेक बुरश्या, ज्यांच्यामुळे पानांवर गोल राखाडी ठिपके पडतात, सर्कोस्पोरिन नावाचे लालसर विष तयार करतात. त्याची खोड अशी की ते उजेडात काम करते. पानावर पडलेल्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन ते ऑक्सिजनचे अतिशय दाहक रूप तयार करते, त्याने पटलातील स्निग्ध पदार्थ जळतात आणि पेशीतला रस बाहेर झिरपतो. ज्या उजेडावर पान जगते तोच त्याच्यावर उलटवला जातो. कोलेटोट्रिकम दोन्ही रीती वापरते. आधी काही काळ पेशी जिवंत ठेवून राहते आणि मग एकाएकी मारेकरी होते. डागाच्या आतल्या पेशी मेलेल्या असतात हे दिसते. डागाबाहेरच्या हिरव्या पेशींचे कामही मंदावलेले असते हे दिसत नाही. भातावरच्या करप्याच्या अभ्यासात असे आढळले की प्रकाशसंश्लेषणातले नुकसान दिसणाऱ्या डागाच्या सुमारे तिप्पट क्षेत्र बंद पडल्याइतके असते. म्हणजे डाग उशिरा बोलतो, आणि बोलतो तेही कमी करून सांगतो.

पेशी मुकाट्याने बळी जाते असे मात्र नाही. भित्तिकेला धक्का लागला की ती त्या ठिकाणी आतून कॅलोज नावाच्या पदार्थाचे लिंपण करते, हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि शेजारच्या पेशींना रासायनिक इशारा देते. आणि घुसखोर ओळखू आला तर ती स्वतःच मरते. जिवंत पेशीवर जगणाऱ्या रोगाला मेलेल्या पेशीत अन्न मिळत नाही. त्यामुळे मूठभर पेशी गेल्या तरी उरलेले पान वाचते. प्रतिकारक्षम वाणावर कधी कधी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात आणि तिथेच थांबतात, ते अशा आत्मबलिदानाचे असतात. तो रोग नव्हे, रोगाचा पराभव आहे. पण हा सगळा प्रतिकार काही तासांच्या आत व्हावा लागतो. ओळख पटायला उशीर झाला तर तेच हत्यार निरुपयोगी ठरते. अल्टरनेरियासारखी मेलेल्या पेशींवर जगणारी बुरशी असेल तर पेशीचे मरण उलट तिच्याच पथ्यावर पडते. पेशीपाशी जय-पराजय ठरतो तो वेळेवर आणि ओळखीवर. माणसाच्या शेतीलाही हेच दोन नियम लागू आहेत.

आता औषध या शब्दाकडे वळू. आपल्या कातडीला जखम झाली तर कडेच्या पेशी विभागतात, नवी कातडी येते आणि खूण पुसट होते. पूर्ण वाढलेल्या पानात हे घडत नाही. त्याच्या पेशींनी वाढ थांबवलेली असते, आणि मेलेल्या पेशीची जागा घ्यायला नवी पेशी येत नाही. पानावरचा डाग जगातल्या कोणत्याही फवाऱ्याने पुन्हा हिरवा होत नाही. बुरशीनाशक हे पानाचे औषध नसून लागण न झालेल्या पेशींचे कवच आहे. मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर राहून अंकुरणाऱ्या बीजाणूंच्या अनेक विकरांवर एकाच वेळी घाव घालते. आत शिरलेल्या तंतूपर्यंत ते पोहोचत नाही. भाताच्या करप्यावर वापरले जाणारे ट्रायसायक्लाझोल हा तर बोलका पुरावा आहे. ते बुरशीला मारत नाही, तिचे मेलॅनिन तयार होणे थांबवते. मेलॅनिन नाही तर दाब नाही, दाब नाही तर प्रवेश नाही. प्रवेश होऊन गेल्यावर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. कोकणाला हे तत्त्व नवे नाही. महाड-पोलादपूरच्याच जिल्ह्यात श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्यांत कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात ते पाऊस लागण्याच्या तोंडावर, सुपाऱ्या गळू लागल्यावर नव्हे. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तोही पेरणीआधी. भाजीच्या मांडवापाशी आल्यावरच आपण डागाची वाट पाहत बसतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा आहे. डाग दिसल्यावर फवारले आणि रोग थांबला, हे अनेकांनी पाहिलेले असते. तो अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. फवारणीने डाग पडलेली पाने बरी झाली नाहीत. नंतर आलेल्या पानांवर नवी लागण कमी झाली. पुष्कळदा त्याच दिवसांत पावसाने उघडीप दिलेली असते आणि श्रेय फवाऱ्याला मिळते. ज्या वर्षी उघडीप मिळत नाही त्या वर्षी तेच औषध तेवढेच मारूनही वेल जाते, आणि मग दोष दुकानदाराला किंवा मात्रेला दिला जातो. एकाच उपायाचा परिणाम वर्षागणिक इतका बदलत असेल तर निर्णायक गोष्ट दुसरी काही तरी आहे, असेच म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. आंतरप्रवाही बुरशीनाशके पानाच्या आत जातात आणि लागणीनंतर एक-दोन दिवसांपर्यंत रोगाला रोखू शकतात, हे खरे आहे. पण त्यांची ताकद हीच त्यांची दुबळी बाजू आहे. मेटॅलॅक्झिल हे केवडागटातील जीवांच्या पेशीत एका विशिष्ट जागी, आरएनए तयार करणाऱ्या विकरावर, काम करते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले, आणि काही वर्षांतच काकडीच्या केवड्यात त्याला न जुमानणारे प्रकार निरनिराळ्या देशांत आढळू लागले. एकाच कुलपावर चालणारी किल्ली होती. कुलूप थोडे बदलले आणि ती निकामी झाली. लाखो बीजाणूंनी भरलेल्या, डाग पडलेल्या मांडवावर असे औषध मारणे म्हणजे त्यातून तगणारे प्रकार निवडून त्यांना मोकळे रान देणे होय. ही औषधे वापरूच नयेत असे मी म्हणत नाही. ती लागणीच्या आधी किंवा अगदी प्रारंभी, आलटून-पालटून आणि दुसऱ्या प्रकारच्या औषधाच्या जोडीने वापरली तरच टिकतात. म्हणजे तिथेही निर्णय डागाच्या आधीच घ्यावा लागतो.

वेळेइतकाच प्रश्न ओळखीचा आहे, आणि इथे आपली भाषाही थोडी दगा देते. मराठीत केवडा हे नाव पिवळेपणावरून पडले आहे. काकडीवरचा केवडा बुरशीसदृश जीवामुळे येतो, भेंडीवरचा केवडा पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूमुळे, आणि उसावरचा केवडा चक्क लोहाच्या कमतरतेमुळे. डोळ्याला तिन्ही पिवळे. पेशीत मात्र एकीकडे अन्नाची चोरी, दुसरीकडे पेशीच्या यंत्रणेचा ताबा, तिसरीकडे हरितद्रव्य बनवण्याच्या साहित्याचाच तुटवडा. करपा या नावाचेही तसेच. भाताच्या कडा करप्याचे कारण जिवाणू आहे, त्यावर बुरशीनाशक चालत नाही. बरे, काकडीच्या केवड्याचा जीव काटेकोर अर्थाने बुरशीही नाही. तो तपकिरी शैवालांचा दूरचा नातलग आहे, त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असते. बुरशीच्या पेशीविभाजनावर घाव घालणारे कार्बेन्डाझिम आणि बुरशीचे अर्गोस्टेरॉल थांबवणारी ट्रायझोल गटातील औषधे त्याच्यावर चालत नाहीत, कारण त्यांचे लक्ष्यच त्याच्या पेशीत त्या रूपात नसते. केवळ पिवळे पाहून अशी बाटली घेतली तर पैसा जातो, वेळ जातो, विष मातीत जाते आणि रोग तसाच राहतो. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांनी पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले. आज मात्र केवळ रंगावर उपाय ठरवायला ती सबब उरलेली नाही.

ओळख बदलली की मशागतही बदलते. केवड्याच्या जीवाला जिवंत पान लागते. म्हणून उन्हाळी काकडीच्या किंवा दुधीच्या जुन्या, रोगट वेली पावसाळी मांडवाशेजारी तशाच ठेवणे म्हणजे रोगाला पुढच्या घरापर्यंत पूल बांधून देणे. करप्याच्या बुरश्या मेलेल्या पाल्यावर आणि बियाण्यावर तग धरतात, तिथे सुकलेला पालापाचोळा उचलणे आणि निरोगी फळाचेच बी धरणे महत्त्वाचे. हिवाळ्यात भेंडीवर आणि वेलींवर येणाऱ्या भुरीचे तर्कशास्त्र आणखी निराळे. तिची शोषकांगे फक्त अपित्वचेच्या पेशींत असतात, तिच्या बीजाणूंना अंकुरायला पाण्याचा थेंब लागत नाही; उलट साचलेले पाणी त्यांना मारक ठरते. ज्या ओलाव्याने केवडा फोफावतो त्यानेच भुरी मागे हटते. या तिन्ही रोगांना एकच सल्ला आणि एकच फवारा देणे म्हणजे सल्लाच न देणे.

तिसरा आक्षेप संशोधनावर विश्वास असणाऱ्यांचा आहे. रोगप्रतिकारक वाण द्या, बाकी कशाची गरज नाही, असे ते म्हणतात. वाणाचे मोल मोठे आहे यात शंका नाही. पण इतिहास सावध करतो. काकडीचे मूळ घर भारत. भारतातून गेलेल्या एका काकडीच्या बियाण्यातील केवड्याचा प्रतिकार अमेरिकेतल्या पैदासकारांनी आपल्या वाणांत आणला आणि तो अनेक दशके टिकला. २००४ मध्ये तिथे केवड्याचा नवा प्रकार आला आणि तो प्रतिकार कोसळला. ज्या पिकाला या रोगासाठी क्वचितच फवारावे लागे, त्यावर वारंवार फवारे सुरू झाले. कारण पुन्हा पेशीतलेच आहे. एका जनुकाच्या बळावर घुसखोर ओळखणारी पेशी, घुसखोराने वेश बदलला की आंधळी होते. जवसाच्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्या फ्लोर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जनुकाला जनुक भिडते हे दाखवले, त्याचा अर्थ हाच. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुधारित वाण जितके हवेत, तितकेच पोलादपूरच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राखलेले काकडी-पडवळाचे गावठी बीही हवे. ते बी गेले तर उद्याच्या प्रतिकाराचे मूळ भांडवलच जाईल. आणि कोणताही वाण ओल्या पानाला कोरडे करू शकत नाही.

मूळ मुद्दा त्या ओल्या पानापाशी येतो. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्याची बातमी होते ती पुराची आणि दरडीची. जुलै २०२१ चा महाडचा पूर आणि तळियेवर कोसळलेला डोंगर कोणी विसरू शकत नाही. त्यामुळे पाऊस म्हटला की आपण मिलिमीटर मोजतो. पान मात्र तास मोजते. दोन तासांत धो धो कोसळून गेलेला आणि मागे वारा-ऊन ठेवून गेलेला पाऊस पानाला एक वेळ परवडतो. दिवसभर रिमझिमणारा दहा मिलिमीटर पाऊस, मळभ आणि रात्रभर दरीत साचलेले धुके परवडत नाही. पावसाने वेल जळली हे जुने निदान इथे अर्धे खरे ठरते. वेल पावसाने जळत नाही, न वाळलेल्या पानाने जळते. आणि पान किती वेळ ओले राहावे, हे काही अंशी माणसाच्या हातात असते. मांडवाची उंची, वेलींमधले अंतर, जमिनीलगतची जुनी पाने वेळेवर काढणे, उघडीप मिळताच वारा खेळेल अशी मांडवाची दिशा, हिवाळी पिकाला सकाळी आणि मुळाशी पाणी देणे, वेली ओल्या असताना त्यांत हात न घालणे, या सगळ्यांचा उद्देश एकच आहे. पेशीच्या दाराशी पाण्याचा पापुद्रा कमीत कमी तास टिकावा.

जे माणसाच्या हातात नाही ते निदान त्याला आधी कळावे. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता यांच्या नोंदी होतात. या नोंदींवरून पान किती तास ओले राहिले असेल याचा अंदाज बांधता येतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हवामानावर आधारलेला रोगाचा सल्ला मिळतो, मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तो देते, आणि बागायतदार डाग पडण्याआधी हालचाल करतात. राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅपद्वारे कीड-रोगांची टेहळणी सुरू झाली, पण तिचा भर सोयाबीन, कापूस, भात, तूर अशा मोठ्या पिकांवर होता. द्राक्षाच्या पानाची पेशी आणि पडवळाच्या पानाची पेशी एकाच नियमाने आजारी पडतात. मग एकीला आगाऊ सूचना आणि दुसरीला नुकसानीनंतरची हळहळ, हा भेद विज्ञानाचा नाही, बाजारभावाचा आहे. येत्या दोन रात्री केवड्याला पोषक आहेत, एवढा एक संदेश मांडवाच्या धन्यापर्यंत पोहोचला तर तो मागाहून मारलेल्या चार पंपांहून मोलाचा ठरेल. त्याच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी एक साधा सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा प्रशिक्षित माणूस हवा, म्हणजे केवडा कोणता हे अंदाजाने नव्हे, पाहून सांगता येईल.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. एक-दोन गुंठ्यांच्या परसबागेसाठी एवढे शास्त्र कशाला? तरुण माणसे मुंबईला किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत, घरी बायका आणि म्हातारी माणसे. हे सगळे करणार कोण? हा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याचे उत्तर माझ्या मुद्द्याच्या बाजूनेच जाते. सोळा लिटरचा पंप पाठीला लावून उताराच्या निसरड्या बांधावर आठवड्याला फवारे मारणे हे याच घरांना सर्वांत जड जाणारे काम आहे. जुनी वेल वेळेवर उपटणे, खालची पाने खुडणे, दोन वेलींत हातभर अधिक जागा सोडणे ही कामे श्रमाने हलकी आहेत. त्यांना लागते ती वेळेची जाण. शिवाय परसातली भाजी बहुधा त्याच घरात शिजते. उशिराने, घाबरून मारलेला फवारा आणि तोडणी यांत चार दिवसांचेही अंतर उरत नाही, आणि ते विष घरातल्या मुलांच्या ताटात येते. रोगाच्या वेळापत्रकाच्या मागे धावणारी शेती गरीब घराला सर्वांत महाग पडते, म्हणून त्याच्या पुढे राहण्याचे ज्ञान आधी गरीब घरालाच मिळायला हवे.

१८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याची पाने काळी पडली, तेव्हाही बहुतेकांनी दमट हवेला दोष दिला. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्यामागे एक सूक्ष्म जीव आहे हे आंतोन दे बारी यांनी प्रयोगाने सिद्ध केले ते १८६१ मध्ये. तिथे ज्ञानच उशिरा आले. आपल्याकडे ज्ञान आलेले आहे. पेशीत काय घडते, किती तासांत घडते, कोणत्या हवेत घडते हे ठाऊक आहे. अडले आहे ते मांडवापर्यंत पोहोचायचे. कृषी खात्याने, विद्यापीठाने आणि ग्रामपंचायतींनी महाड-पोलादपूरच्या भाजीपाल्यासाठी पहिला पाऊस लागायच्या आत हे काम अंगावर घ्यावे. आणि ज्यांच्या परसात मांडव आहे त्यांनी यंदा डागाची वाट पाहू नये. पान हिरवे आहे तोवरच त्याच्यासाठी काही करता येते.